बाणाचा सूड

३ जून
मामाच्या कंपनीत गोडाऊनचं सॉफ्टवेअर वेगळं, दुकानाचं वेगळं. भांडलेल्या जावांसारखी एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून गोडाऊनच्या एंट्र्या दुकानात परत टाईप करायला मी. आज मीटिंगमध्ये दादाने, म्हणजे मामाच्या डिग्रीवाल्या पोराने, बोर्डावर दोन चौकोन काढले. मध्ये बाण. बाणाखाली ‘मॅन्युअल’. म्हणाला, हा बाण म्हणजे आमची मुकी. म्हणजे मी. सगळे खिदळले. अकाउंटवाल्या काकू तर डोळे पुसत होत्या.
मी गप्प. शाळेतही गप्पच असायचे, शेवटी शाळाच सोडली. वादळाआधीची शांतता लोकांना ओळखू येत नाही.
सूड घेणार.

४ जून
ऑप्शन तीन. एक, आहे तसंच ठेवायचं. हा दादाचा. दोन, मध्ये जोडणारं सॉफ्टवेअर. तीन, सगळं मोडून एकच नवीन. दोन आणि तीनच्या चित्रात ‘मॅन्युअल’ कुठेच नाही. किती स्वच्छ! गल्ल्यावर बसणारी मामी म्हणाली, अगं बये, मग तुझं काय? तिला टेक्निकल कळत नाही.

६ जून
मामा म्हणाला, सगळ्यांनी प्रत्येक ऑप्शनला दहापैकी मार्क द्या. खर्च, वेळ, धोका. आयतीच संधी! दादा टेबलाशी येऊन म्हणाला, मुके, कळलं नाही तर विचार. याला विचारू? मेले तरी नाही.

७ जून
खर्चात, वेळेत दादाला पाच-पाच. संशय नको. धोक्यात मात्र दहापैकी दहा! आकडा दोनदा गिरवला. रागाने.

९ जून, सकाळी
आज निकाल. तो हरला की सगळ्यांसमोर म्हणणार, दादा, सुटलेला बाण परत येत नाही. आरशासमोर झकास जमलं.

९ जून, संध्याकाळी
दादा जिंकला. एका मार्काने. धोक्याच्या रकान्यात दहा म्हणजे सगळ्यात सुरक्षित, असं वर लिहिलं होतं म्हणे. इतकं बारीक लिहितात का कुणी?
दादा सगळ्यांसमोर म्हणाला, मुकीनेच तारलं. बाकीच्या ऑप्शनमध्ये हिला घरी बसावं लागलं असतं, म्हणून तर मी बाबांशी भांडत होतो. मामीने माझी पाठ थोपटली. बाणाचं वाक्य राहूनच गेलं.
मग त्याने खडू घेतला आणि बाणाला दुसऱ्या बाजूनेही टोक काढलं. उद्यापासून दुकानाच्या एंट्र्याही गोडाऊनमध्ये मीच टाईप करायच्या. जमेल ना, म्हणाला.
मी मान डोलावली.