दुपारपाळीची दुसरी सिस्टर

२ जून
आज रुजू झाले. राहायला आवारातच खोली, खिडकी उघडली की समोर वॉर्ड. आई फोनवर म्हणाली, बरं झालं, उशिरा उठायची तुझी सवय खपून जाईल. मेट्रनबाईंनी तर मला चक्क मिठीच मारली. बायकांचा वॉर्ड माझा, पाळी दुपारची. खाटा भरून पेशंट खाली गाद्यांवर आलेत आणि सिस्टर मी एकटी. बाकीच्या कुणी परदेशी, कुणी खासगीत गेल्या. पण हातीपायी धड आहे, रेटेन.

४ जून
नवलच. पाठी पुसायला गेले तर सगळ्यांच्या आधीच पुसलेल्या, पावडरसुद्धा लावलेली. चादरींना एक सुरकुती नाही. आयामावशी म्हणाल्या, मी हातही लावला नाही. मांडीचं हाड मोडलेल्या कोपऱ्यातल्या आजींनी सांगितलं, ती दुसरी सिस्टर करून गेली, फार मायेची आहे. कुणी का असेना, मी मनातल्या मनात तिला हात जोडले.

७ जून
पुरुषांच्या वॉर्डातही सिस्टर एकटीच. तिला पाणी प्यायची सवड नाही, ती इकडे कशाला येईल? मेट्रनबाईंना विचारलं. त्या खाली मान घालून कपाटाला कुलूप लावत राहिल्या. मग म्हणाल्या, काम होतंय ना, मग कशाला खोलात शिरतेस.

८ जून
आजी गेल्या. मी पाळीवर आले तेव्हा माझ्याशी थट्टा करत होत्या. रक्तातली साखर पार उतरली होती, दंडावर सुईची ताजी खूण. आजींना मधुमेह नव्हताच. मी काही टोचलेलं नाही.
मावशींनी रडत रडत सांगितलं. पूर्वी त्या खाटेवर इन्सुलिन घेणारी बाई होती. तेव्हाच्या सिस्टरकडून वॉर्डाच्या किल्ल्या घेऊन तिला सोडवायला पुढच्या पाळीची कुणी आलीच नाही. पेशंट टाकून जाणार कशी? पाळीवर पाळी करत ती ट्रॉलीपाशी कोसळली, ती उठलीच नाही. अजून तिच्याच वेळचे पेशंट सांभाळतेय.

९ जून
मेट्रनबाईंना म्हटलं, वॉर्ड बंद करा. त्या म्हणाल्या, करते, या बायकांना घेऊन कुठं जाऊ ते सांग.
बॅग भरली. परत रिकामी केली. मी गेले तर इथे उरणार ती एकटीच.

१० जून
दिसली. भर दुपारी, लख्ख उजेडात. पोटाच्या ऑपरेशनवाल्या मुलीपाशी सिरिंज भरत होती. मी मधे जाऊन उभी राहिले. चेहरा रागीट नव्हता — दमलेला, भयंकर दमलेला. पायांवर इतकी सूज की चपला रुतलेल्या. साध्या आवाजात म्हणाली, “आलीस बाई? किल्ल्या घे, म्हणजे मी सुटले.”
नाही म्हटलं असतं तर — सुई त्या मुलीच्या दंडाला टेकलेली —
घेतल्या.

तारीख?
दुपार सरत नाही. दार उघडलं की पुन्हा वॉर्डच. आई आली होती. माझं नाव घेऊन मावशींना विचारत होती — मी तिच्या शेजारीच उभी —

दुपार
पाठी पुसल्या. पुन्हा पुसल्या. बसता येत नाही. पाय —

दुपार
मेट्रनबाई नवीन मुलगी घेऊन आल्या. हसरी आहे. किल्ल्या तिला दिल्या की मी —
नाही देणार. तिलाही आई असेल. नाही देणार —
ती इकडेच येतेय. दिसतेय मी तिला. काही मदत हवी का, विचारतेय —
पाय फार — मी फक्त हात पुढे —