भाचीचा अर्ज आणि मामाचा शब्द

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ६ ऑक्टोबर २०२४

ती. विरुपाक्षमामा यांस,

चंद्रिकाचे शरणु शरणार्थी. वि. वि.

पत्र बघून हसू नका. फोनवर तुम्ही स्पीकर लावता, मग मामी भाकरी थापता थापता जेवलीस का म्हणून विचारतात आणि माझा मुद्दा तिथंच संपतो. शिवाय आमच्या वसतिगृहात बारावीच्या मुलींचे फोन रविवारपर्यंत कपाटात बंद असतात. पत्रात निदान मध्येच कुणी बोलत नाही.

तर मुद्दा. मी अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करणार आहे. मला भूगर्भशास्त्र शिकायचंय. आपल्या मैंदर्गीत एका शेतातली विहीर भरलेली आणि बांधापलीकडची कोरडी, असं का, हे मला मुळापासून समजून घ्यायचंय. तिकडची काही कॉलेजं मुलगी पसंत पडली तर शिकण्याराहण्याचा सगळा भार स्वतः उचलतात. प्रकार मुलगी बघायला येण्यासारखाच आहे, फक्त उपिटाच्या जागी निबंध द्यावा लागतो. पुण्याला जाऊन दिलेल्या परीक्षेत मार्क चांगले पडलेत. फिजिक्सच्या गुरुराज सरांनी शिफारसपत्र लिहिलं, पण त्यात एवढंच की मुलगी शांत आहे व वर्तणूक चांगली आहे. ते त्यांना दुसऱ्यांदा लिहायला लावलं.

अडलंय ते निबंधावर. तो स्वतःविषयी लिहायचा असतो. पुण्याच्या काव्या मॅडम दर रविवारी फोनवर आम्हाला फी न घेता मदत करतात. त्यांनी घरचं काही सांग म्हटलं, तेव्हा मी गंमत म्हणून सांगितलं की मामा मला जन्मापासून सूनबाई म्हणतात. मॅडमनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या की हाच तुझा निबंध. आता त्यात असं आहे की पाळण्यातच मामाच्या मुलाशी, म्हणजे आपल्या श्रीशैलशी, लग्न ठरलेली एक मुलगी त्यातून सुटण्यासाठी रडत रडत अभ्यास करते. मामा, मी अभ्यास करताना शेंगा खाते, हे तुम्हाला माहीत आहे.

मॅडम मनानं चांगल्या आहेत. तिकडे संघर्ष लागतो, असं त्यांचं म्हणणं. निबंधात तुमचं नाव नाही, पण मामा म्हणजे तुम्हीच. तुम्हाला न विचारता पाठवायला मन होत नाही. शेवटची तारीख एक जानेवारी आहे. काय करू ते कळवा.

मामींना व श्रीशैलला नमस्कार सांगा. माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची,
चंद्रिका

दुधनी, १४ ऑक्टोबर २०२४

चि. सूनबाई चंद्रिका हिस विरुपाक्षमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आडतीच्या गादीवर बसून दोनदा वाचलं, तेवढ्यात एक उडदाचं गिऱ्हाईक हातचं गेलं. जाऊ दे. तू अमेरिकेला जाणार म्हणतेस तर जा. आपल्या घराण्यात कुणी हैदराबादच्या पलीकडे गेलं नाही, ते कुणीतरी जायलाच हवं होतं.

आता त्या निबंधाचं. मला खलनायक करून तुला तिकीट मिळत असेल तर खुशाल कर. फक्त मिशा भरघोस आहेत असं लिही, म्हणजे तिकडच्या लोकांना जरा भीती वाटेल. माझी हरकत नाही. आज रात्री जेवताना घरात वाचून दाखवतो, तुझी मामी हसून हसून लोळेल.

इथपर्यंत काल दुपारी लिहिलं होतं. पुढचं आज सकाळी लिहितोय.

तुझी मामी हसली नाही. हातातली पळी खाली ठेवली आणि मला विचारलं की चेष्टा कुनी केली? तुझ्या बारशाला मी तुला मांडीवर घेतलं, श्रीशैलच्या तोंडात साखर घातली आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालो की ही आमच्या घरची. मला ते धड आठवतही नाही. तिला मात्र कोण कुठं बसलं होतं तेसुद्धा आठवतं. आपल्याकडं भाचीवर मामाचा पहिला हक्क, त्याला वेगळं कुंकू लावावं लागत नाही, असं ती म्हणाली. तेवढ्या जोरावर श्रीशैलला सांगून आलेलं कुंभारीच्या चनमल्लप्पाच्या मुलीचं स्थळ तिनं गेल्या वर्षी परत पाठवलं, ते मला काल कळलं. मातु अंदरं मातु, एवढं कानडीत बोलून ती उठली. शब्द म्हणजे शब्द.

श्रीशैल ताटात बघत जेवत होता. त्यानं मान वर केली नाही.

आज इथंच थांबतो. अभ्यास सोडू नकोस.

तुझा,
मामा

सोलापूर, २२ ऑक्टोबर २०२४

ती. मामांना चंद्रिकाचे शरणु शरणार्थी.

तुमचं पत्र वाचलं आणि त्या रात्री शेंगासुद्धा खाल्ल्या नाहीत. आतापर्यंत मी खोटं लिहिलं म्हणून लाजत होते. आता ते निम्मं खरं निघालं म्हणून भीती वाटते. लहानपणी मी श्रीशैलला दादा म्हटलं की मामी लगेच टोकायच्या, त्याला नावानं हाक मार म्हणायच्या. मला वाटायचं, मामींना दादा शब्द आवडत नसेल.

रविवारी आई आली होती. मामींनी तिला फोन केला होता. आई वसतिगृहाच्या पायरीवर बसून रडली. म्हणाली की कॉलेजं सोलापुरात काय कमी आहेत, एका अर्जापायी माझं माहेर तोडू नकोस. बाबा आईच्या माहेरच्या गोष्टीत पडत नाहीत. मला आईचं फार वाईट वाटलं. तरी मी तिला सांगितलं की अर्ज करणार.

पण मामा, तो निबंध मी पाठवणार नाही. मामींच्या मनात खरंच तसं असलं, तरी तुम्ही मला कधी कोंडलं नाही, की माझं पुस्तक हिसकावलं नाही. दहावीनंतर मला सोलापूरला ठेवा म्हणून बाबांच्या मागं लागलात ते तुम्हीच. तुम्हाला खोटं वाईट करून मला कुठंच जायचं नाही.

आणि एका चेष्टेवर बांधून घेऊन इथं राहायचंही नाही. श्रीशैलमध्ये काही वाईट नाही, मला लग्नाचाच विचार करायचा नाही. मी नाही म्हटलं तर पोर उर्मट ठरेल. आईनं म्हटलं तर तिचं माहेर जाईल. शब्द तुमचा होता, तो फक्त तुम्हालाच परत घेता येतो. मी लहान तोंडी मोठा घास घेते आहे, हे मला कळतं. तरीही मागते.

रागावलात तरी पत्र लिहायचं थांबवू नका.

तुमची,
चंद्रिका

दुधनी, ५ नोव्हेंबर २०२४

चि. चंद्रिकास विरुपाक्षमामाचे आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तू जे मागितलंस त्याची मला अगोदर चीड आली, मग लाज वाटली. मग वाटलं की चार लोकांत दिलेला शब्द चार लोकांतच परत घ्यावा लागतो, कोपऱ्यात घेतलेला कुणी मानत नाही.

पाडव्याला दुकानात पूजा असते तुला माहीत आहे. पाहुणे, शेतकरी, हमाल सगळे प्रसादाला बसलेले. मी उभा राहिलो आणि म्हणालो की चंद्रिकाच्या बारशाला मी जे बोललो, ते आज मागं घेतो. ती मोकळी आणि श्रीशैलही मोकळा, कुणी त्या बोलण्यावर काही धरून ठेवू नये. अगोदर मराठीत बोललो, मग आळंदच्या पाहुण्यांसाठी कानडीत. चनमल्लप्पाही आले होते. ते प्रसाद न घेताच उठले. त्यांचं काही चुकलं नाही.

आडत्याचा धंदा शब्दावर चालतो, पोरी. भाव बोललो की बोललो. दुसऱ्याच दिवशी सोमशेखर म्हणून तुमच्याच मैंदर्गीचा शेतकरी पोती उतरवताना म्हणाला की मालक, उडदाचा भाव तरी उद्या ह्योच ऱ्हाईल न्हवं? सगळे हमाल हसले. मीपण हसलो. दुपारचा डबा मात्र तसाच परत गेला.

तुझी मामी त्याच संध्याकाळी आळंदला माहेरी निघून गेली. श्रीशैल तिला एसटीत बसवून आला आणि माझ्याजवळ बसला. म्हणाला की मला विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो, पण तिला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे मला ठाऊक होतं. एवढं बोलून तो वजनकाटा पुसायला लागला. बाप असून मला ते कधी दिसलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

वाईट वाटलं, पण पस्तावा नाही. आता तू मागं फिरायचं नाहीस. तू अर्जच केला नाहीस तर मी शब्दानंही गेलो आणि भाचीनंही गेलो. बस आणि लिही. जे झालं तेच लिही.

आईला म्हणावं, तुझं माहेर म्हणजे मी, आणि मी अजून जिवंत आहे.

तुझा,
मामा

सोलापूर, ३ जानेवारी २०२५

ती. मामांना चंद्रिकाचे शरणु शरणार्थी.

अर्ज गेले. निबंध नवा लिहिला. आमच्या भागात भाचीला चेष्टेनं सून म्हणतात आणि चेष्टा करणाऱ्यालाही कळत नाही की ऐकणाऱ्यांनी ती खरी धरली, इथून सुरुवात केली. मग एक आडत्या, ज्याचं पोट शब्दावर चालतं, तो भाचीनं मागितलं म्हणून भरल्या दुकानात शब्द परत घेतो. काव्या मॅडमना आवडला नाही. यात संघर्ष मामाचा आहे, तू कुठं आहेस असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की मागणारी मी आहे, आणि आमच्याकडं मोठ्या माणसाकडं असं मागणं सोपं नसतं. मग तेही त्यात घातलं. हजारो निबंधांत तुझा मागं पडेल, अशी त्यांनी स्पष्ट ताकीद दिली आणि तरीही बसून माझं इंग्रजी सुधारून दिलं. पडला मागं तर पडला.

तुम्हाला न सांगता एक केलंय. नाताळच्या सुट्टीत आईला घेऊन आळंदला मामींना भेटून आले. या दिवाळीला आईला माहेरची साडी आली, पण ती दरवर्षीसारखी मामींनी नव्हे, तुम्ही निवडलेली होती, रंगावरूनच कळलं. आई ती नेसली, पण तासाभरात तिनं घडी घालून ठेवून दिली. मला ते बघवेना.

मामींनी कडक भाकरी, शेंगाचटणी, दही सगळं वाढलं. मी म्हटलं की रागवायचं तर माझ्यावर रागवा, आईवर नको, तिनं मला अडवलंच होतं. मामी तव्याकडं तोंड करून बसल्या. परतताना आई अक्कलकोटपर्यंत डोळे पुसत होती. मग म्हणाली की एवढं केलंस तर आता नीट कर, अर्धवट सोडलंस तर मी तुला घरात घेणार नाही. आई अशी बोलताना मी पहिल्यांदा ऐकली.

आता बोर्डाची परीक्षा. अर्जांचा निकाल मार्चअखेर. आशीर्वाद द्या आणि वेळेवर जेवत जा.

तुमची,
चंद्रिका

सोलापूर, २ एप्रिल २०२५

ती. मामा व ती. मामी यांस चंद्रिकाचे शरणु शरणार्थी.

मामी घरी परतल्याचं आईकडून कळलं, म्हणून दोघांना एकत्र लिहिते आहे.

बहुतेक कॉलेजांनी नाही म्हटलं. गोड भाषेत म्हटलं, पण नाहीच. नकारांची सवय झाल्यावर काल एकाचं हो आलं. भूगर्भशास्त्राचा विभाग चांगला आहे, खर्च तेच उचलणार, आणि थंडी एवढी की तळं गोठतं म्हणे. प्रवेश देणाऱ्या बाईंनी हातानं दोन ओळी लिहिल्यात की आम्हाला तुझ्या मामांना भेटायला आवडेल. मी त्या ओळी वाचल्या आणि वसतिगृहाच्या जिन्यात बसून खूप रडले. आता मुंबईला व्हिसाची मुलाखत आहे. तिथंही खरंच सांगणार आहे. ऑगस्टमध्ये निघायचं.

मामी, तुमच्याकडून मी काही मागत नाही. फक्त आईला तोडू नका.

तुमची,
चंद्रिका

दुधनी, १३ एप्रिल २०२५

चंद्रिकाला मामीचा आशीर्वाद.

माजी शाळा कानडी झाली, मराठी लिवाया जमत न्हाई. म्हून अक्षर श्रीशैलचं हाय, बोलणं माजं हाय. त्याला सांगितलंय, मी बोलते तसंच लिव, साळंतलं करू नको.

मी संक्रांतीला परत आले ती तुज्यासाटी न्हाई. हे दुकानात उपाशी बसत्यात म्हून आले. माजा राग हाय आनि तो ऱ्हानार. सतरा वर्सं मी तुला आपली म्हून बगितलं, तुज्यासाटी माणसं तोडली. चार लोकांत माजं तोंड लहान झालं, ते तुला अमेरिकेत बसून कळायचं न्हाई.

आळंदला तू आलीस, बोललीस, गेलीस. तवापासनं एकच डोक्यात बसलंय. मी ह्यांच्या मामाची लेक. माजंबी पाळण्यातच ठरलेलं. माजं वाईट झालं न्हाई, तुजे मामा देवमाणूस हायत. पन मला कुनी इचारलं न्हवतं. मी न्हाई म्हटलं असतं असं न्हाई. पन इचारलं न्हवतं, हे मला इतक्या वर्सांनी तुज्यामुळं आटवलं. त्याचाबी जरा राग हायच.

तुज्या आईला म्हनावं, काय भिऊ नको. तिचं माहेर मोडाया मी कोन. नागपंचमीला श्रीशैल मैंदर्गीला गाडी घिऊन येईल, दरसाल येतो तसा. ह्या साली आईसंगं तूबी बस. झोका बांदायला सांगितलाय, बांगड्या हितंच भरू. थंडीच्या गावाला जायच्या आदी चार दिस हितं ऱ्हा.

लोकं इचारतील की ही आता कोन लागती तुमची. मी उत्तर करून ठेवलंय. सून पंचमीला तिच्या माहेरी जाती. घरी आनत्यात ती लेकीला.

राग धरलाय तशी मायाबी धरून हाय, दोनी संबाळून घे.

तुजी मामी