गुरुवारच्या सामन्यासाठी कोबीची पानं

सोमवार, ७ जुलै

दुपारी तीनला एकशे दोन. ताप नव्हे, हवा! सलग नववा दिवस. कॅन्ससमध्ये जन्म गेला, पण असा उन्हाळा पाहिला नाही.

गुरुवारचा संध्याकाळचा बेसबॉलचा सामना मला दिलाय. लीगच्या सेक्रेटरीने फोनवर आढेवेढे घेत सांगितलं — झेपतंय का बघू, झेपलं तर मोसमाचा अंतिम सामनाही तुझाच. बघू म्हणे! एकतीस वर्षं पंचगिरी केली आणि आता माझी परीक्षा. पण त्याचं तरी काय चुकलं? मागच्या ऑगस्टमध्ये नऊपैकी पाचव्या डावात मी फलंदाजाच्या मागे उभा होतो तिथेच आडवा झालो. दोन्ही संघांच्या पोरांनी मिळून उचलून नेलं. घरी आल्यावर बायको, आयडेला, म्हणाली, "पुन्हा पडलास तर तो मास्क मी विहिरीत टाकीन." बोलते ते करते, हे चाळीस वर्षांच्या संसारात कळलंय.

म्हणजे या वेळी पडायचं नाही. एवढंच.

मंगळवार, ८ जुलै

पाणी, पाणी आणि पाणी. सामन्याच्या दिवशी प्यायला लागून उपयोग नसतो, तीन दिवस आधीपासून शरीर भरावं लागतं. सकाळ-संध्याकाळ काकडीच्या लोणच्याच्या बरणीतलं आंबट-खारट पाणी, पेलाभर. पायात गोळे येऊ नयेत म्हणून. तोंड वाकडं होतं, पण घेतो.

भर दुपारी मास्क, छातीचं पॅड, पायांचे पॅड असा सगळा जामानिमा चढवून शेडमध्ये उठाबशा काढल्या. सामन्यात तीनशे तरी निघतात, प्रत्येक चेंडूला एक. आज शंभर काढल्या.

खोटं. साठ. साठावीला डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि पिंपाला धरून उभा राहिलो. या वहीत तरी कशाला थापा मारायच्या?

बुधवार, ९ जुलै

दोन कोबी आणले. पानं बर्फात ठेवायची, टोपीखाली एक घालायचं, दर दोन डावांनी बदलायचं. जुन्या खेळाडूंची युक्ती आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. आयडेला म्हणाली, डोक्यात आधीच कोबी भरलाय, वर आणखी कशाला! बोलली खरी, पण पानं तिनेच सोडवली, देठ काढले, ओल्या फडक्यात गुंडाळली. मग माझ्या लोकरी पँटचं अस्तर उसवून दिलं. तेवढीच हवा खेळेल.

लॉनीचा फोन. माझ्या जोडीचा, मैदानात बेसपाशी उभा राहणारा दुसरा पंच तो. पाहुणा संघ केस्लरचा आहे म्हणाला. म्हणजे झालंच! ऑरिन केस्लर, मिलब्रुकचा प्रशिक्षक. बावीस वर्षांत माझ्यावर ओरडला नाही असा त्याचा एक सामना नाही. त्याच्या लेखी माझं नावच "आंधळ्या". एकदा सासूचा चष्मा आणून माझ्या पायाशी ठेवला होता, सगळ्या गावादेखत. मी त्याला मैदानाबाहेर हाकललं, तर जाताना वाकून सलाम केला. खरं सांगायचं तर त्याच्या शिव्या कानावर पडल्या की वाटतं, आपण कामावर आहोत.

फार थकलोय. अजून सामना व्हायचाय.

गुरुवार, १० जुलै

झोप नाही. सकाळी साठ नवे चेंडू नदीच्या चिखलाने चोळले, एकेक करून, चकाकी जाईपर्यंत, म्हणजे हातातून निसटत नाहीत. बोटं आखडली. आता पाच वाजलेत, अजून शंभरावर आहे. आयडेला बर्फाची बादली घेऊन गाडीत बसलीय. निघतो.

शुक्रवार, ११ जुलै

पडलो नाही!

पहिले तीन डाव ऊन थेट पाठीवर. घाम डोळ्यांत, मास्क काढून पुसावा तर तेवढाही दम नाही. दुसऱ्या डावात केस्लर दोन्ही हात पसरून मैदानात आला — "आंधळ्या, तो चेंडू माझ्या मामीच्या परसात पडला!" बरं वाटलं. पाचवा डाव ओलांडला तेव्हा आयडेलाकडे पाहिलं. तिने मान हलवली.

सहाव्यानंतरचं नीट आठवत नाही. आवाज लांबून यायचे. आठव्यात आमच्या गावच्या फलंदाजाला, ग्रेडीला, बाहेरच्या चेंडूंचे बॉल दिले आणि पहिल्या बेसवर जायला सांगितलं. तो जरा थबकला. माझ्यापुढे उकिडवा बसणारा कॅचर वळून माझ्याकडे बघतच राहिला. म्हटलं, बघतोस काय, बस खाली. केस्लरने एक पाऊल बाहेर टाकलं होतं. माझ्याकडे पाहिलं, आणि पाऊल मागे घेतलं. त्यानंतर शेवटपर्यंत चकार शब्द नाही! एका धावेने हरला, तरी नाही. उलट येऊन हात मिळवून गेला. निर्णयच इतके चोख, की त्यालाही बोट ठेवायला जागा नव्हती.

लॉनीने माझी बॅग उचलून गाडीत ठेवली. शहाणा झालाय पोरगा. आयडेला वाटभर काही बोलली नाही. दमली असेल. सेक्रेटरीचा फोन आला सकाळी — अंतिम सामना माझा.

शनिवार, १२ जुलै

केस्लरचा फोन. घरी, बावीस वर्षांत पहिल्यांदा. आणि आंधळ्या नाही — व्हर्लिन म्हणाला. तब्येत विचारत होता. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलला. असे बाहेरचे चार बॉल झाले की फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर, हे शेंबडं पोरही जाणतं. ग्रेडीला मी तीनवरच धाडलं होतं. पुढे त्याने पुरी केलेली तीच धाव त्यांना भोवली.

"मग ओरडला का नाहीस?"

म्हणाला, "ऊन फार होतं रे, व्हर्लिन."

आठव्या डावात सूर्य मावळून अर्धा तास झाला होता. सगळे दिवे लागले होते. आयडेलाला विचारलं, तुला माहीत होतं? ती भांडी पुसत राहिली. म्हणाली, "सगळ्यांनी पाहिलं."

सेक्रेटरीला कळवलं, अंतिम सामना लॉनीला द्या.