उलटा फिरवलेला पंखा

१४ मार्च, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे

प्रिय ताई,

आत्ता दुकानाच्या भिंतीतल्या छोट्या पंख्यासमोर कागदाची पट्टी धरून उभा होतो. पट्टी पंख्याकडे ओढली गेली. तीनदा पाहिलं, मगच लिहायला बसलो; उगाच नाही तू मला मोजपट्टी म्हणत. इतकी वर्षं हा पंखा बाहेरची हवा आत ढकलायचा आणि बाबांच्या सोल्डरिंगचा सगळा धूर मागे आपल्या घरात लोटायचा.

अख्खा पंखा फिरवून बसवता येईना, मोटर शेजारच्या भिंतीला अडते. म्हणून आधी वायरींची अदलाबदल केली. काही फरक नाही. मग पातं काढून उलटं बसवलं आणि ऐटीत बाबांना बोलावलं. वारा पुन्हा त्यांच्याच तोंडावर. म्हणाले, स्क्रू उलटा धरला म्हणून त्याचे आटे बदलतात का रे, आठवीतून पळालेल्या? मला राग आला, पण टोमण्यातच उत्तर होतं. पातं नाही, फिरणंच उलटं व्हायला हवं.

मोटर उघडायला दोन दिवस धजलो नाही. बिघडली तर तशी दुसरी मिळत नाही. शेवटी प्रत्येक भागावर खडूने खुणा केल्या. आतल्या लोखंडी गाभ्याच्या एका कडेला तांब्याच्या कड्या असतात, चाक नेहमी त्यांच्या दिशेने फिरतं. गाभा काढून पालथा बसवला, म्हणजे चाक उलटं फिरेल. पातं मात्र उलटं बसवलेलं तसंच ठेवलं. बटण दाबताना डोळे मिटले होते, हे बाबांना सांगू नकोस.

बाबांनी सोल्डरिंग सुरू केलं. धूर वर उठला, जरा घुटमळला आणि वळून सरळ भोकातून बाहेर गेला. बाबांनी तोंडावरचा रुमाल काढला, घडी केली, खिशात ठेवला. मग दुरुस्त केलेला रेडिओ न्यायला आलेल्या मास्तरांना अर्धा तास पंखाच दाखवत बसले. सारखं आपलं, आमच्या चिरंजिवांनी केलं.

गेल्या खेपेला तासाभरात बाळाला धाप लागली आणि तू तशीच परत गेलीस. या धुरात त्याला पुन्हा आणणार नाही म्हणालीस. बरोबरच होतं तुझं. तेव्हापासून बाबांनी तुझं नाव काढलं नव्हतं. आज हात धुऊन आले आणि विचारलं, तिची बस किती वाजता पोचते. म्हणून हे पत्र.

तुझाच,
मोजपट्टी

खर्च: पॉलिशपेपर एक, तेल चार थेंब. देणं: तुझं तिकीट. पैसे पाकिटात आहेत, बाबांनी दिलेत. मोजून घे.