उंबऱ्यावरचं प्रवाळ

३ जून
म्हसवडचं ऊन सोडून वाईला रुजू झाले. जीव हरखला. प्रयोगशाळा छोटी, पण यंत्र लय भारी. जुन्या प्रवाळाची पूड वीस बाटल्यांत भरली आहे. युरेनियमचं हळूहळू थोरियम होतं, त्यावरून तिचं वय निघतं: सव्वा लाख वर्षं. प्रत्येक बाटलीतून तेच वय यायला हवं, कारण बाकीच्या प्रयोगशाळा आपली यंत्रं याच पुडीवर पारखणार. शौनक सर म्हणाले, चूक झाली तर सांगा, लपवू नका.

झाडलोटीच्या सुलाबाई दारात रोज रांगोळी घालतात. उसाच्या कोयत्यानं त्यांचं बोट चिरलेलं, म्हणून रेघ दुहेरी पडते. धूळ आत येते म्हणून सर कुरकुरतात, तर त्या म्हणाल्या, आवं, मोकळा उंबरा बरा दिसत न्हाई.

९ जून
सतरा नंबरची बाटली हातातून निसटली. निम्मी पूड बेसिनमध्ये गेली. सर साताऱ्याला होते. त्यांना फोन करायचा सोडून मी सुलाबाईंच्या डब्यातली रांगोळी घालून वजन भरलं. पांढऱ्यात पांढरं, कोण बघतंय.

१६ जून
सतरा नंबरचं वय भलतंच आलं. सर थेट सुलाबाईंवर उखडले, रांगोळीच आत आली म्हणून. सुलाबाईंची बारा वर्षांची नोकरी अर्ध्या तासात गेली. त्या मला म्हणाल्या, पोरी, तू तरी सांग, म्या कवा हात लावला का त्या बाटल्यास्नी? मी यंत्राकडे बघत राहिले. लाज वाटते लिहायलासुद्धा.

२० जून
वॉचमन दादासो सांगत होता, सुलाबाई गेल्या. कामावरून काढलं त्याच संध्याकाळी, स्वतःच्या उंबऱ्यावर बसल्या बसल्या. मीच मारलं त्यांना.

२१ जून
दारात रांगोळी. रेघ दुहेरी. दादासोनं कुणालाच पाहिलं नाही. आत एक नंबरची बाटली रिकामी, सील मात्र शाबूत. चिमूटभर रांगोळी तपासायला घेतली.

२४ जून
सव्वा लाख वर्षं. ती रांगोळी नव्हे, प्रवाळ आहे. आज चौथी बाटली रिकामी.

२ जुलै
रोज एक बाटली. सरांचा संशय आता झाडलोटीला आलेल्या नव्या रंगुबाईंवर. आज तरी बोलायचं होतं. सरांच्या दारापर्यंत गेले, परत फिरले—

९ जुलै
एकोणीस रिकाम्या. फक्त सतरा नंबर भरलेली. उद्या रंगुबाईंना काढणार. सरांना चिठ्ठी लिहायला घेतली, दोन ओळी— फाडली.

१० जुलै
सकाळी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर रांगोळी. आतल्या बाजूनं. कडी तशीच लावलेली—

बोट चिरलंय माझं. कशानं, ठाऊक नाही. रक्त नाही. पांढरी पूड गळतेय. अक्षरं दुहेरी उमटतायत—

सर, हे वाचा. सुलाबाईंचा दोष नव्हता. रंगुबाईंचाही नाही— पूड अक्षरांवर सांडतेय, झाकून टाकतेय— सुलाबाई, माझं नाव तरी लिहू द्या— त्या बाटलीत भेसळ केली ती संयो—