कैद किंवा दंड

माय, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की वसाहतीत नव्याने आलेल्या सुनांना तुम्ही कोण हेही ठाऊक नाही. त्यांना मी सांगते, माझी सासू होती. पुढे काय सांगायचं ते सुचत नाही. म्हणून आज तुम्हालाच लिहिते.

धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेलं आणि पुनर्वसनाच्या वसाहतीत हे घर मिळालं, ते तुमच्या नावावर. सासरे त्याआधीच गेले होते. नदी लांब पडली, तरी तुम्ही जाळं सोडलं नाही. पहाटे धरणावर जायचं, सकाळी मासे विकायचे, उरलेले घरी आणायचे. तुमचा मुलगा मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मारत होता. शेजारच्या बाया म्हणायच्या, दारू वाईट. तुम्ही म्हणायच्या, "पेला नसते तवाई मारते. दारूले काहून नाव ठेवता?"

तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही चुलीपाशी मासे कापत बसल्या आहात. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून तो गरम पातेलंच माझ्या अंगावर फेकतो आणि पायात चप्पल घालून निघून जातो. तुम्ही विळी आडवी ठेवता, हात धुता, माझ्या खांद्यावर खोबरेल लावता आणि म्हणता, "चाल." मला वाटलं, माहेरी पोचवायला निघालात. पण तालुक्याला एसटीतून उतरून तुम्ही मला विचारत विचारत, घरात मार खाणाऱ्या बायांच्या तक्रारी घेणाऱ्या संरक्षण अधिकारी मॅडमच्या खोलीत नेलंत. मी रडत होते. तुम्हीच बोललात. "माहाच पोरगा हाये, मॅडम. म्हणून मलेच ठाऊक हाये तो काय हाये ते."

कोर्टाचा आदेश झाला. त्याने घरात यायचं नाही, मला भेटायचं नाही, फोन करायचा नाही. मॅडमनी वाचून दाखवला तेव्हा तुम्ही विचारलंत, "आन् आला तर?" मॅडम म्हणाल्या, "एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही." तुम्ही म्हणालात, "किंवा काहून?" त्या म्हणाल्या, "ते न्यायाधीश ठरवतात, आजी."

वसाहत तोंडावर बोलली, पोटच्या पोराले घराबाहेर काढलं. तुम्ही एवढंच म्हणायच्या, "घर माहं हाये." आणि तो आला, भर दुपारी. अंगणात उभा राहून म्हणाला, "माय, जेवाले दे." तुम्ही दारात उभ्या राहिलात. "कागद हाये. पाय टाकू नको." तो हसला. तुम्हाला बाजूला सारून आत आला, विळी उचलली आणि भिंतीवर वाळत घातलेलं जाळं उभं आडवं कापलं. मला हात लावला नाही त्या दिवशी. नुसता माझ्याकडे पाहत जाळं कापत राहिला.

ठाण्यात जमादार म्हणाला, "मायलेकाचं भांडण हाये, घरीच मिटवा." तुम्ही बाकावरून उठलाच नाहीत. शेवटी त्यांना लिहून घ्यावं लागलं. केस चालली, आणि तुम्ही साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहून स्वतःच्या मुलाकडे बोट दाखवलंत. "साहेब, याले आत टाका. हा आत राहील तर हे पोरगी जगंल." मग त्याने गुन्हा कबूल केला. कोर्टाने समज दिली आणि दंड केला. त्याने तो तिथल्या तिथे भरला.

परतीच्या एसटीत आपण दोघी खिडकीपाशी बसलो. गाडी सुटायच्या बेतात असताना तो चढला आणि आपल्या मागच्याच सीटवर बसला. आदेश चालूच होता, माय. त्याने शेंगदाण्याची पुडी पुढे केली. "खा माय, सकाळपासून उपाशी असशील." तुम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलात. माझा हात तुम्ही इतका घट्ट धरला होता की उतरल्यावरही माझी बोटं सरळ होत नव्हती. त्या दिवसानंतर "कागद हाये" हे शब्द मी तुमच्या तोंडून कधी ऐकले नाहीत.

पुन्हा आला तेव्हा मी शाळेत खिचडी शिजवायला गेले होते. परतले तर तुम्ही अंगणात ओट्याखाली पडलेल्या, एक पाय भलताच वळलेला. शेजारणीने त्याचा आवाज ऐकला होता. दवाखान्यात पोलीस विचारायला आला, "आजी, कोनं ढकललं?" आणि तुम्ही म्हणालात, "कोनीच नाई. घसरली मी. शेवाळ होतं." उन्हाळ्याचे दिवस होते, माय. ओट्यावर पायाला चटके बसत होते. शेवाळ कुठलं?

पोलीस गेल्यावर मी विचारलं, "माय, काहून असं सांगितलं?" तुम्ही डोळे मिटून घेतलेत. "सांगून काय होते? दंड भरंल आन् येईल. मंग तुले मारंल." मग भिंतीकडे तोंड करून, "आन् माहा पोरगा हाये." यातलं खरं कारण कोणतं, हे मी तुम्हाला पुन्हा विचारलं नाही. त्या पायावर तुम्ही पुन्हा उभ्या राहिलाच नाहीत, पावसात धानाची रोवणी सुरू व्हायच्या आत गेलात. तिरडी बांधायला, खांदा द्यायला, अग्नी द्यायला तोच आला. घरात आला, तुमच्या पायाशी बसून मोठ्याने रडला. कोणी अडवलं नाही. मीही नाही. मी त्याला पाणी दिलं. पुढे तो कामाला छत्तीसगडकडे गेला तो परतलाच नाही.

परवा तालुक्याला बायकांची सभा होती. एक तरुण वकील मुलगी मागणी मांडत होती, आदेश मोडला की सरळ कैद, दंडावर सुटका नको, शिक्षाही वाढवा. मला बोलायला उभं केलं. मी एसटीपर्यंतचं सांगितलं, पुढे तो पुन्हा आला आणि तुम्ही गेलात, एवढंच; शेवाळाचं सांगायला जीभ वळेना. एका कॉलेजच्या पोरीने विचारलं, "त्याला तेव्हाच जेल झाली असती तर सासूबाई वाचल्या असत्या ना?" मी हो म्हटलं. सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली. करताना आशा वाटली नाही, राग आला नाही. घरी येऊन भात टाकला.

हे कुठे पाठवणार आहे मी. पण एक गोष्ट कोणाला सांगता येत नाही ती इथे लिहिते. त्याच्यावरचा माझा राग गेला, कधी गेला ते कळलंही नाही. तुमच्यावरचा अजून जात नाही, माय.