चालकाचा रकाना

१४ मार्च, सकाळचे साडेसात

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद, आणि उशिराबद्दल त्याहून जास्त क्षमायाचना.

तुझं पत्र दोन आठवड्यांपूर्वीच पोचलं. चार पानांपैकी साडेतीन मला रागावण्यात गेली आहेत आणि उरलेल्या अर्ध्यात बोलावणं आहे. प्रमाण अगदी शास्त्रशुद्ध. इकडचं म्हणशील तर गुडघा कुरकुरतो. माझ्यापेक्षा त्यानेच जास्त नोकरी केली असावी. शेजारच्या शिंपीणबाईंनी माझे जुने गणवेश उसवून पिशव्या शिवल्या. खांद्याची पट्टी एका पिशवीच्या बंदाला लागली आहे, त्यामुळे हल्ली माझी भाजी मेजरच्या हुद्द्याने घरी येते.

आणि आपली खारूताई आता लेफ्टनंट! परकर सावरत माझ्या जीपखाली शिरून ‘मावशी, हे काय गळतंय?’ विचारणारी ती कार्टी. तिने वाहतूक शाखाच निवडली हे वाचून मी उठून घरभर दोन फेऱ्या मारल्या. घर दोन खोल्यांचं आहे, तेव्हा फार वेळ लागला नाही. शिंपीणबाईंना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, फोनवर चुकून लागलेल्या एका गृहस्थांनाही सांगितलं. त्यांनी अभिनंदन केलं. सज्जन माणूस.

तिच्या एका खांद्यावर तारे तू लावायचेस आणि दुसऱ्यावर मी, असं तिचं म्हणणं. ‘तायडे, नाही म्हणालीस तर बघ,’ असं तुझं. मी नाही म्हटलेलं नाही. हो म्हणण्याआधी काही सांगायचं आहे, म्हणून पेन हातात घेऊन बसते आणि दरवेळी गुडघ्याबद्दलच लिहिते.

तुला माझ्या वहीबद्दल ठाऊक आहे. ताफा निघण्याआधी प्रत्येक गाडीची तपासणी होते, तेल, पाणी, ब्रेक, टायरची हवा, आणि शेवटी सही. मी त्यात एक रकाना वाढवला होता: चालक. झोप किती झाली, पोटात काय आहे, घरी भांडण झालंय का, आदल्या दिवशी प्यायलास का. माझे बरोबरीचे अधिकारी खो खो हसले. ‘मॅडम आता कुंडलीही मांडणार.’ हसू दे म्हटलं. पुढच्या अकरा वर्षांत माझ्या ताफ्यात चालकाच्या चुकीने एकही अपघात झाला नाही. ही फुशारकी आहे आणि ती मी जाणूनबुजून मारते आहे.

फक्त त्या वहीत अधिकाऱ्याचा रकाना नव्हता.

पुलाच्या दिवसाबद्दल तू कधी विचारलं नाहीस. पुढची गाडी सुरुंगाने उडाली, त्यातले दोघे गेले. त्या सकाळी दोघांचे रकाने मीच भरले होते, दोघेही ठणठणीत. मी रडले नाही. पुरुष अधिकारी रडला की तोही माणूसच आहे म्हणतात. मी रडले असते तर मागून येणाऱ्या दहा जणींच्या नेमणुका अडल्या असत्या. दोन्ही घरी पत्रं लिहिली, अक्षर सुवाच्य काढलं, आणि तो दिवस आत ठेवून वरून कुलूप लावलं.

मेसमध्ये पहिला पेला घेतला होता तो बरोबरीसाठी. घेतला नाही तर ‘बाईमाणूस’, दोन घेतले तर ‘आपल्यातली’, तिसरा घेतला की पुन्हा ‘बाईमाणूस’. म्हणून तिसरा मी खोलीत जाऊन घ्यायची. निवृत्त झाल्यावर मेस सुटली, खोली उरली. लहानपणी गुरुजींनी घोकून घेतलेलं सगळं तोंडपाठ होतं: मद्य, मदिरा, सुरा, वारुणी, आसव. पाच शब्द येत होते, पण ‘मला थांबता येत नाही’ हे एक वाक्य काही केल्या जुळेना.

हल्ली जुळतं. दर गुरुवारी दुपारी चारला, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. आधी दारू सोडू पाहणाऱ्या माजी सैनिकांच्या नेहमीच्या बैठकीला गेले होते. दारातच एका गृहस्थांनी अदबीने खुर्ची दिली आणि विचारलं, “आपले मिस्टर कोणत्या तुकडीत होते?”

“मिस्टर अजून भरती व्हायचेत,” मी म्हटलं आणि परत आले. मग बायकांची बैठक सापडली. आम्ही सात जणी, सगळ्या गणवेश उतरवलेल्या. एक रडारवाली आहे. तिला सगळ्यांच्या मनातलं लांबूनच दिसतं, फक्त स्वतःचं सोडून. समुपदेशक बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, मला मुलगी असती तर. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “कसं वाटतंय?” मी म्हटलं, “ठीक.” रडारवाली फिस्सकन हसली. तेव्हापासून त्या खोलीत ‘ठीक’ या शब्दाला बंदी आहे. राग आला तर राग म्हणायचं, भीती वाटली तर भीती. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी पुन्हा मुळाक्षरं गिरवते आहे, आणि बऱ्यापैकी मार्क पडताहेत.

आता टायर.

खारूताईच्या परीक्षेच्या दिवशी गाडीचा टायर फुटला, तेव्हापासून साडेतीन वर्षं तू तो बसवणाऱ्या टायरवाल्याच्या नावाने बोटं मोडते आहेस. मागच्या वेळी त्याने आपल्याला नमस्कार केला आणि तू तोंड फिरवलंस. मी तुझ्या शेजारीच उभी होते. धाकटे, टायर फुटला तो दुभाजकावर आदळल्यानंतर. आधी नाही.

परीक्षेला निघण्याआधी मी सगळं तपासलं होतं. तेल, पाणी, ब्रेक, हवा. खारूताई बाजूला उभी राहून हसत होती. आणि त्याआधी, सहा वाजता, मी थर्मासच्या झाकणाने दोनदा ब्रँडी घेतली होती. त्या वळणावर रस्ता कोरडा होता आणि रहदारी नव्हती. मीच चुकले.

ती उतरली. कपाळावर खोक. आधी तिने रस्त्यावर विखुरलेली परीक्षेची कागदपत्रं गोळा केली. मग माझ्या खिडकीशी आली, वाकली, तिला वास आला. ओरडली असती तर बरं झालं असतं. अगदी हळू म्हणाली, “मावशी, चालकाच्या रकान्यात काय लिहायचं?”

फोन केल्यावर तू धावत आलीस तेव्हा तीच म्हणाली, “आई, टायर फुटला.” आणि मी मान डोलावली. परीक्षा बुडाली, तिचं वर्ष गेलं, आणि ती मान मी अजून वर करू शकलेले नाही.

त्यानंतर मी थांबले, असं लिहायला फार आवडलं असतं. पुढची सव्वादोन वर्षं प्यायलेच. मग प्रशिक्षणातून तिचं पाकीट आलं. आत तिथल्या तपासणी-पत्रकाचा कोरा कागद. शेवटचा रकाना छापील: चालक. खाली तिच्या अक्षरात एक ओळ: ‘मावशी, तुझा रकाना अजून आहे. आम्ही रोज भरतो.’ तो कागद घेऊन मी वाचनालयाचा जिना चढले.

तिने तुला सांगितलं नाही म्हणून तिला बोलू नकोस. ते ओझं माझं होतं, मी अठरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर दिलं. परवा फोनवर म्हटलं, आईला सगळं लिहिते.

“लिही. मी वाट बघत होते.”

“रागावली आहेस?”

“हो. तू ये तरी.”

बघ कशी घडवली आहेस पोर. राग आहे म्हणते आणि ‘ये’ही म्हणते, एका दमात. मला हे शिकायला सात बायका आणि एक वरची खोली लागली.

बोलावणं तिचं आहे, पण आई तू आहेस. तेव्हा हे वाचून झाल्यावर पुन्हा ठरव. नको म्हणालीस तर तो तुझा हक्क; मी त्या दिवशी इथेच नीटनेटकी साडी नेसून बसेन. ये म्हणालीस तर येईन. जेवणाच्या वेळी सगळे पेले उचलतील, मी पाण्याचा उचलेन, आणि कोणी विचारलं तर का ते सांगेन.

एक काम मात्र दोन्ही बाबतीत कर. त्या टायरवाल्याचा नमस्कार घे.

गाडी: माझ्याकडे नाही. किल्ली खारूताईकडे आहे. रेल्वेने येईन.

चालक: झोप पाच तास. पोटात चहा आणि दोन टोस्ट. दारू नाही, आज चारशे बाविसावा दिवस. हात स्थिर. तुझ्या उत्तराची भीती वाटते आहे.

सही,
तुझी तायडी